जामीनकीचा कायदा

१९०८ च्या जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयात, ‘केसरी’तील लेखांच्या इंग्रजी भाषांतरावर विसंबून, ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने लोकमान्य टिळकांना राजद्रोहाचे अपराधी ठरविले व न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा फर्माविली, तेव्हा निदान खटला तरी उघडपणे चालला होता. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने तेवढेही उरू दिले नाही. नवा छापखाना काढणाऱ्याने साधारणतः ५०० ते २००० रुपयांची जामीनकी मॅजिस्ट्रेटपुढे ठेवावी, मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास ती सरकारजमा व्हावी, आणि दाद मागावयाची ती मागाहून! राज्याच्या सुरक्षिततेची चिंता कोणत्याही सत्तेला रास्तच; परंतु धोका ठरविण्याचा प्रथम अखत्यार सरकारनेच आपल्या हाती ठेवून मुद्रकाला संपादकावरचा पहारेकरी बनविले, हे मला शिक्षेहूनही घातक वाटते. १९२२ साली हा कायदा रद्द झाला. राजद्रोहाचे १२४ अ कलम मात्र स्वातंत्र्यानंतरही दंडसंहितेत राहिले.