हेलकॅट रेकॉर्ड्स

हेलकॅट रेकॉर्ड्स हे अमेरिकेतील लॉस एंजेलस येथील एक स्वतंत्र संगीत लेबल आहे. रॅन्सिड या पंक गटाचे गायक व गिटारवादक टिम आर्मस्ट्राँग आणि एपिटाफ रेकॉर्ड्सचे मालक ब्रेट गुरेविट्झ यांनी १९९७ साली एपिटाफची उपशाखा म्हणून त्याची स्थापना केली. स्का संगीताबरोबरच स्ट्रीट पंक व सायकोबिली या प्रकारांतील अल्बमांसाठी हे लेबल ओळखले जाते.

सायकोबिली

१९५० च्या दशकातील रॉकबिली, पंकचा वेग आणि जुन्या भयपटांतील प्रतिमा यांच्या मिश्रणातून सायकोबिली घडली. हा शब्द जॉनी कॅश यांच्या १९७६ च्या एका गाण्यात चोरलेल्या सुट्या भागांतून जोडलेल्या मोटारीसाठी आला होता. संगीतप्रकार म्हणून तो १९८० नंतर लंडनच्या द मीटिऑर्स या गटाने रुजवला. उभ्या डबल बेसची तार ओढून पट्टीवर आदळू देणे ही त्याची सहज ओळखू येणारी खूण होय. पुढील दोन दशके त्याचा मुख्य श्रोतृवर्ग युरोपातच होता. अमेरिकेत हा श्रोतृवर्ग वाढवण्यात हेलकॅटचा वाटा मोठा आहे आणि लेबलचे खरे वेगळेपण त्यातच आहे.

कॅलिफोर्नियातील टायगर आर्मी या गटाचा पहिला अल्बम १९९९ मध्ये निघाला. गायक निक १३ यांच्या रचनांत थडगी व भुतांपेक्षा विरहाची छाया अधिक आढळते. कोपनहेगनमध्ये १९८९ साली स्थापन झालेल्या नेक्रोमँटिक्सचा ‘रिटर्न ऑफ द लव्हिंग डेड’ २००२ मध्ये हेलकॅटने प्रसिद्ध केला. गटप्रमुख किम नेक्रोमन शवपेटीच्या आकाराचा डबल बेस वाजवतात. हॉररपॉप्स या गटात मात्र ते गिटार वाजवतात. बेस व गायन पॅट्रिशिया डे यांच्याकडे असते. या गटाचा ‘हेल येह!’ २००४ मध्ये आला.

स्ट्रीट पंक

ब्रिटिश कामगारवस्त्यांतून आलेल्या या प्रकारात साधी चाल आणि सर्वांनी मिळून म्हणावयाची ध्रुवपदे असतात. बॉस्टन परिसरातील ड्रॉपकिक मर्फीज यांनी त्याला आयरिश लोकसंगीताची जोड दिली. त्यांचा पहिला अल्बम ‘डू ऑर डाय’ (१९९८) रॅन्सिडचेच लार्स फ्रेडरिक्सन यांच्या निर्मितीखाली तयार झाला. यू.एस. बॉम्ब्स, द डिस्टिलर्स आणि द अनसीन यांचेही अल्बम येथून निघाले.

१९९७ पासून निघालेली ‘गिव्ह देम द बूट’ ही संकलनमालिका या सर्व गटांना एकत्र आणणारी ठरली. वुडी गथ्री यांच्या कागदपत्रांतील शब्दांवर ड्रॉपकिक मर्फीज यांनी रचलेले ‘आय्‌म शिपिंग अप टू बॉस्टन’ हे गीत प्रथम तिच्या चौथ्या भागात (२००४) आले. ‘द वॉरियर्स कोड’ (२००५) मध्ये ते नव्या रूपात समाविष्ट झाले आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द डिपार्टेड’ (२००६) या चित्रपटामुळे पंकशी संबंध नसलेल्यांपर्यंत पोहोचले. त्यानंतर या गटाने स्वतःचे लेबल काढले.