धाव लोखंडाची आणि धाव रबराची

हिवाळ्यात वाहनाला कोणती चाके घालावीत, हा प्रश्न ज्या देशांत प्रथम निघाला त्या देशांत हिवाळा म्हणजे बर्फ होय. फिनलंडमधील नोकिया येथील रबराच्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींकरिता खास हिवाळी टायर काढला, आणि १९३६ साली तसाच टायर लहान मोटारींकरिता तयार केला. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील करडी गावी, बर्फ कोणाच्या दृष्टीस पडण्याचा संभव नाही. तथापि हिवाळ्याच्या तोंडी चाकाची चिंता वाहणे हे या गावाला आणि आसपासच्या सर्व धानाच्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे होते.

कारण या मुलखात गाडीचे वर्षच मुळी हिवाळ्यात सुरू होई. आषाढापासून आश्विनापर्यंत बांध्यांत पाणी उभे असे, पांदणीत गुडघाभर चिखल होई, आणि बंडी छपराखाली विसावा घेई. दिवाळी सरली, धान कापले गेले, पुंजणे उभे राहिले, म्हणजे तिचे दिवस आले. शेतातून खळ्यावर, खळ्यावरून घरी, घरून तुमसरच्या बाजारात, परतताना रानातले लाकूड, शिवाय गावोगावच्या मंडईला बायकामुलांना घेऊन जाणारी हलकी रेंगी. एवढा सगळा व्याप चार महिन्यांत उरकावयाचा असे. त्यात वैनगंगा आडवी. पाणी ओसरले की नदीचा उतार गाडीला मोकळा होई खरा, परंतु पाण्याच्या जागी वाळू येई. आणि दोन बोटे रुंदीची लोखंडी धाव वाळूत जशी रुतते तशी ती चिखलातही क्वचितच रुतत असेल.

म्हणून कार्तिकात वाढई आणि लोहार यांच्या दारी गाड्यांची रांग लागे. तुंबा, आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले वाकडे तुकडे यांकरिता तिवसाचे लाकूड उत्तम समजत. कण्याला धावडा लागे, कारण तो लवतो पण सहसा मोडत नाही. ही दोन्ही झाडे पूर्व विदर्भाच्या रानांत आहेत. धाव चढविणे ही या कामातील सर्वांत जोखमीची क्रिया. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे एकशे अठ्ठ्याऐंशी इंच भरतो. धाव त्याहून इंचभर कमी घेराची करीत, आणि शेण्यांच्या वर्तुळाकार आगीत ती लाल होईपर्यंत तापवीत. सहाशे-सातशे अंश उष्णतेने लोखंडाचा एवढा घेर सुमारे दीड इंच वाढतो. तेवढ्या अवधीत तिघाचौघांनी चिमट्यांनी ती उचलून चाकावर बसवावयाची, हातोड्याने ठोकावयाची आणि लाकूड पेट घेते न घेते तोच पाणी ओतावयाचे. निवताना धाव आवळते व सारे सांधे एकमेकांत गच्च बसतात. या शास्त्राचे गणित लोहाराने कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. पण इंचभराची चूक झाली तर चाक हंगामभर टिकत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

एवढे करूनही हिवाळा आपला हात दाखवीच. हवा कोरडी पडली की लाकूड आकसते, लोखंड आकसत नाही, आणि धाव खडखडू लागते. अशा वेळी चाके काढून रात्रभर तळ्यात बुडवून ठेवण्याची रीत होती. पहाटेच्या गारठ्यात एरंडेलाचे वंगण घट्ट होई, म्हणून निघण्यापूर्वी कणा पुन्हा माखावा लागे. बांबूच्या नळीत वंगण, साट्याखाली कंदील, मागे बैलांकरिता तणस आणि हाकणाऱ्याच्या अंगावर घोंगडी, एवढी सिद्धता झाली की बंडी हिवाळी प्रवासास सज्ज झाली.

गाव आणि नदी यांपुरते हे ठीक होते. भांडण सुरू झाले ते सडकेवर. नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड एकोणिसाव्या शतकात झाला. खडी अंथरून मुरूम आणि पाणी यांनी ती दाबावयाची, अशी अशा सडकांची रचना असे. कठीण पृष्ठावर लोखंडी धाव जेमतेम दोन-तीन चौरस इंच टेकते, आणि तेवढ्यावर भरल्या गाडीचा अर्धा भार, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास वजन, येऊन पडते. त्यातही एका गाडीच्या चाकोरीतून दुसरी जाणार. हिवाळ्यात मुरूम वाळून त्याची धूळ झाली की खडी उघडी पडे आणि भराभर भरडली जाई. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांविषयी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवरील जादा कराचा मध्यवर्ती रस्ता निधी १९२९ साली निर्माण झाला. मोटारवाल्याच्या पैशाने सडक बांधावयाची आणि बैलगाडीने ती फोडावयाची, असा आरोप तेव्हापासून वाढत गेला. आरोप खोटा नव्हता. परंतु शेतकऱ्याने लोखंडी धाव हौसेने लावली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यावर उपाय म्हणून रबराची चाके पुढे आली. हवेचा टायर रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली कल्पिला, पण तो विस्मरणात गेला. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने तो पुन्हा शोधून काढला. त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ साली हुगळीकाठी साहागंज येथे निघाला, आणि बैलगाडीला हवेची चाके लावण्याचा प्रचार त्या दशकात जोरात झाला. त्यातील युक्तिवाद बिनतोड होता. टायरमध्ये चौरस इंचास पन्नास पौंड हवा असेल, तर अकराशे पौंड भार पेलण्यास सुमारे बावीस चौरस इंच जागा जमिनीला टेकते. सडक वाचते, वाळूत चाक कमी रुतते, कण्यातील घर्षण बॉल-बेअरिंगमुळे उतरते, आणि तीच बैलजोडी जवळजवळ दुप्पट माल ओढते. बैलाच्या मानेचा विचार करणाऱ्याने लोखंडी धावेची बाजू घेणे कठीणच.

तरीही लोकांनी ती चाके लगबगीने घेतली नाहीत. याला अडाणीपणा म्हणण्याची प्रथा पडली, ती अन्यायाची आहे. बाभळीचा काटा लोखंडाला काही करू शकत नाही. टायर मात्र पांदणीतच बसतो, आणि तेथे पंक्चर काढणारा कोठून आणावा? उंच लाकडी चाक बांधीचा धुरा सहज ओलांडते, बुटके रबरी चाक त्याला अडते. उतारावर लोखंडी गाडी आपोआप आवरते, रबरी गाडी बैलांच्या अंगावर येते. तिला ब्रेक हवा. थंडीत पारा दहा अंशांनी उतरला तर टायरमधली हवाही सुमारे दोन पौंडांनी उतरते, म्हणजे पहाटेस पंप हाताशी पाहिजे. आणि मुख्य गोष्ट अशी, की लोहाराला धान देता येई, टायरला रोकड लागे. सडक वाचल्याचा लाभ सरकारला, आणि चाकाचा खर्च मात्र शेतकऱ्याला, असा तो हिशेब होता.

१९४२ साली मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराचा तुटवडा पडला आणि प्रचार थंडावला. त्याच युद्धकाळात, डिसेंबर १९४३ मध्ये, देशातील मुख्य अभियंते नागपूर येथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. सुपीक भागातील कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, हे तिचे एक सूत्र होते. करडीसारख्या गावांच्या दृष्टीने हे सूत्र टायरच्या सर्व जाहिरातींहून अधिक मोलाचे होते. कारण बारमाही रस्ता दाराशी आल्यावाचून रबरी चाकाचा पूर्ण उपयोगच होत नाही.

युद्धानंतर रबरी चाक खेड्यात आले ते बहुधा नव्या सामानाच्या रूपाने नव्हे. मोडीत निघालेल्या मोटारींचा कणा आणि झिजलेले टायर बाजारातून आणून गावच्या सुताराने त्यांवर साटा चढविला. पुढे ट्रॅक्टर आले आणि पुंजण्यांवरचे धान ट्रॉलीतून जाऊ लागले. आता याच धानाच्या पट्ट्यात चिखलणीच्या वेळी रबरी टायर बांधीत घसरतो, म्हणून ट्रॅक्टरला पुन्हा लोखंडी पिंजऱ्याची चाके बसवितात. तशाच चाकांनिशी ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून हाकला, की पृष्ठभाग उखडतो आणि गावकऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. पावसाळा संपला की ती चाके उतरवून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात, आणि हिवाळ्याकरिता ट्रॅक्टर रबरावर येतो.