रोज व्हॅली : एका अमेरिकी उपनगरी बरोची जडणघडण

प्रस्तावना :
अमेरिकेतील उपनगरांचा इतिहास सामान्यतः रेल्वे, मोटार आणि जमिनीचा व्यापार यांच्या संदर्भात सांगितला जातो. तथापि काही उपनगरांचे मूळ सामाजिक ध्येयवादात आढळते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहराच्या नैर्ऋत्येस असलेले रोज व्हॅली हे त्यांपैकी एक होय. सुमारे एक हजार लोकवस्तीच्या या बरोच्या उगमाचा येथे थोडक्यात परामर्श घेतला आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकात रिडली ओढ्याच्या काठी कापडगिरण्या होत्या. त्या बंद पडल्यावर पडक्या इमारती व कामगारांची घरे तेवढी उरली. १९०१ मध्ये वास्तुविशारद विल्यम लाइटफूट प्राइस यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने ही जागा विकत घेतली. प्राइस यांच्यावर विल्यम मॉरिस यांच्या कलाकारागिरी चळवळीचा व हेन्री जॉर्ज यांच्या भूमिकरविषयक विचारांचा प्रभाव होता. तत्पूर्वी १९०० मध्ये फ्रँक स्टीफन्स यांच्यासमवेत त्यांनी डेलावेअरमध्ये आर्डन ही वसाहत स्थापन केली होती. यंत्रयुगाने श्रमातून हिरावलेला आनंद कारागिराला परत मिळावा, हा रोज व्हॅलीमागील हेतू होता.

प्रयोग आणि मर्यादा :
जुन्या गिरणीच्या इमारतींत फर्निचरची कार्यशाळा व कुंभारकाम सुरू झाले. ‘द आर्ट्समन’ हे नियतकालिक १९०३ ते १९०७ या काळात प्रसिद्ध झाले. परंतु हाताने कोरलेले फर्निचर महाग पडे. ते घेण्याची ऐपत सधन वर्गाचीच होती. १९०६ मध्ये कार्यशाळा बंद पडली. औद्योगिक शहराला पर्याय म्हणून उभारलेले हे गाव ग्राहकांसाठी त्याच शहरावर अवलंबून होते, हा त्यातील मूलभूत अंतर्विरोध होय.

बरोचा दर्जा :
प्राइस १९१६ मध्ये निवर्तले. १९२३ मध्ये नेदर प्रॉव्हिडन्स टाउनशिपमधून वेगळे होऊन रोज व्हॅली स्वतंत्र बरो बनले. बरो म्हणजे स्वतःचे निर्वाचित मंडळ व महापौर असलेला स्थानिक स्वशासनाचा लहान घटक. त्याच वर्षी जॅस्पर डीटर यांनी येथील जुन्या सभागृहात हेजरो नाट्यसंस्था स्थापन केली. १९२९ मध्ये पालकांच्या पुढाकाराने प्रयोगशील शाळा सुरू झाली.

समारोप :
रोज व्हॅलीचा आर्थिक प्रयोग अल्पजीवी ठरला. सामूहिक उत्पादन संपले, पण सामूहिक जीवन टिकले. मात्र ज्या कारागिरांसाठी ही वसाहत कल्पिली होती, त्यांच्याऐवजी शहरात उपजीविका करणारा मध्यमवर्ग तिचा वारसदार झाला. म्हणून या प्रयोगाला केवळ यशस्वी वा अयशस्वी म्हणणे अपुरे ठरते. ध्येयवादी वसाहतींचे मूल्यमापन करताना काय टिकले, याबरोबरच ते कोणासाठी टिकले, हाही प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे.