कंपायलरच्या परीक्षेचे कूळ

कंपायलरची नवी आवृत्ती जाहीर होण्याआधी तिची ‘रिलीज कॅन्डिडेट’ निघते. चूक सापडली नाही, तर हीच प्रत अंतिम ठरते. म्हणून तेवढ्या दिवसांत ती शक्य तितक्या वेगवेगळ्या यंत्रांवर चालवून पाहतात. एका प्रोसेसरवर निर्दोष ठरलेला कंपायलर दुसऱ्यावर चुकू शकतो. कुठे संख्येचा मोठा बाइट आधी साठवतात, कुठे लहान. कुठे पूर्णांक १६ बिटांचा, कुठे ३२.

या प्रथेचे मूळ सहसा मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत, १९८७ साली आलेल्या जीसीसी या कंपायलरच्या घरात शोधले जाते. ते त्याहून २७ वर्षे जुने आहे आणि कंपायलर लिहिणाऱ्यांकडे नसून विकत घेणाऱ्यांकडे आहे. ६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी कोबोल या व्यापारी कामाच्या भाषेतला जवळजवळ एकच प्रोग्राम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक अशा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. कोबोलमागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा जोर होता. त्याच्याकडे अनेक कंपन्यांची यंत्रे होती आणि यंत्र बदलले की प्रोग्राम नव्याने लिहिणे परवडत नव्हते. १९६७ मध्ये संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांना अमेरिकी नौदलाने पुन्हा सेवेत बोलावले, तेव्हा कोबोल कंपायलर तपासणारे प्रोग्राम हे त्यांच्या कामातले मोठे काम ठरले. विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता त्याच्या कंपायलरला बाहेरच्याने प्रश्नपत्रिका द्यायची, हा विचार इथे पक्का झाला.

त्याची गरज मुंबईनेही पाहिली. १९७४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने बरोज कंपनीसाठी रुग्णालयाची एक प्रणाली एका कोबोलमधून दुसऱ्या कोबोलमध्ये नेली. भाषा एक, कंपनी एक. तरी बरोजच्या मध्यम आणि लहान संगणकांचे कोबोल जुळत नव्हते. हे काम झाले ते आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर.

मूळ कोबोलमध्ये आहे, या मताला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. कंपायलरने स्वतःलाच कंपाइल करावे, ही कसोटी एमआयटीत हार्ट आणि लेविन यांनी १९६२ मध्ये लिस्प या भाषेसाठी साधली. जीसीसी आजही तीन फेऱ्या करते: जुन्या कंपायलरने पहिली प्रत, पहिलीने दुसरी, दुसरीने तिसरी, मग दुसरी आणि तिसरी ताडून पाहायची. कसोटी सुंदर आहे, पण तिला मूळपुरुष मानता येत नाही. प्रत्येक फेरीत तीच चूक तशीच होत राहिली तर दोन्ही प्रती जुळतात. शिवाय ही कसोटी एकाच यंत्रावर पुरी होते. परक्या यंत्राबद्दल ती काहीच सांगत नाही.

कोबोलच्या चाचण्या आणि जीसीसी यांच्यातला खरा दुवा वेगळ्याच ठिकाणी सापडतो. सरकारी कोबोल चाचण्यांचा संच पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे, म्हणजे निस्टकडे आला. याच निस्टमध्ये डॉन लिब्झ यांनी १९९० च्या सुमारास ‘एक्स्पेक्ट’ लिहिले. एखाद्या प्रोग्रामला प्रश्न टाकायचा, अपेक्षित उत्तराची वाट पाहायची आणि त्यानुसार पुढे जायचे, हे काम ते आपोआप करते. सिग्नस कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी त्यावर ‘डेजाग्नू’ उभारले आणि जीसीसीच्या हजारो चाचण्या आजही त्यातून चालतात. लिब्झ यांच्यासमोर कंपायलर नव्हते, पासवर्ड विचारणारे प्रोग्राम होते, हा आक्षेप खरा आहे. तरीही अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायचे आणि यंत्राला बाहेरून तपासायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे, आणि कोबोलचा संच व एक्स्पेक्ट दोन्ही एकाच छपराखाली होते. हे नाते मानण्यास एवढे पुरेसे आहे.

डेजाग्नूची मोठी सोय म्हणजे चाचणी चालवणारे आणि चाचणी घेतले जाणारे यंत्र वेगळे असू शकते. पुण्याच्या केपीआयटीचे काम याच प्रकारचे होते. किर्तने-पंडित या सनदी लेखापालांच्या पेढीशी नाते असलेली ही कंपनी रेनेसास कंपनीच्या प्रोसेसरांसाठी जीएनयूचा कंपायलर, म्हणजे जीसीसीच, बांधून विंडोज आणि लिनक्सवर मोफत देत असे. हिशेबाच्या घराण्यातली कंपनी कंपायलरकडे वळावी, हे कोबोलच्या कुळाला शोभणारेच. रेनेसासच्या एच८ या प्रोसेसरवर पूर्णांक मुळात १६ बिटांचा. एसएच हा प्रोसेसर तर दोन्ही बाइटक्रमांत चालतो, म्हणजे एकाच प्रोसेसरची दोनदा परीक्षा. प्रत्यक्ष बोर्ड नसेल तेव्हा जीडीबी या डीबगरमधला सिम्युलेटर त्याची जागा घेतो.

आज रिलीज कॅन्डिडेट तपासायला कुणाची परवानगी लागत नाही. बेळगावजवळच्या मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. तिथला विद्यार्थीही एआरएमच्या छोट्या बोर्डावर ती उतरवून बांधू शकतो आणि निकाल पाठवू शकतो. निकालात नुसते पास-नापास नसते. आधीपासून माहीत असलेले अपयश वेगळे नोंदवतात आणि अनपेक्षित यशही वेगळे, कारण शोधायचे असते ते कालपर्यंत चालणारे आणि आज मोडलेले. असे काही गंभीर सापडले की दुसरी रिलीज कॅन्डिडेट निघते.

एप्रिल २०२५ मध्ये जीसीसी १५.१ आली आणि तिच्यात प्रथमच कोबोलचा कंपायलर होता. त्याच्या परीक्षेसाठी निस्टचा तोच जुना संच वापरला गेला. सुरुवातीला हा कंपायलर ६४ बिटी इंटेल-वर्गीय आणि एआरएम यंत्रांपुरताच होता.