चिरुटांची पेटी आणि विलगवास

श्रोतेहो, चिरूट ओढण्याचें कौतुक करण्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलेलों नाहीं. तंबाखूनें देहाची हानि होते, हें मुलांना सांगण्यांतच माझा शाळेंतील जन्म गेला. परंतु चिरुटांचा संग्रह करणाऱ्या शौकीन मंडळींचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि त्या नियमामागें इतिहासहि मोठा आहे. नियम असा कीं, नवी पेटी घरीं आली म्हणजे ती तडक जुन्या संग्रहांत मिसळावयाची नाहीं. कांहीं आठवडे ती निराळ्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावयाची, मधून मधून उघडून पाहावयाची, आणि निर्दोष ठरली म्हणजेच तिला आंत घ्यावयाची.

या सावधगिरीचें कारण एक चिमुकला किडा आहे. तांबूस तपकिरी रंगाचा, दोन-तीन मिलिमीटर लांबीचा हा भुंगेरा. फाब्रिसिउस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानें १७९२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. मादी तंबाखूच्या पानांत अंडीं घालते, व तीं साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाहींत. हवा गार असली तर तीं निपचित राहतात. उष्मा वाढला कीं अळ्या बाहेर येतात आणि चिरूट आंतून पोखरूं लागतात. शेवटीं पूर्ण वाढलेला भुंगेरा वाटोळें भोंक पाडून बाहेर पडतो आणि शेजारच्या पेटीकडे वळतो. उबदार हवेंत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा हा प्रवास साधारण सहा ते आठ आठवड्यांत पुरा होतो. म्हणूनच नव्या पेटीला चार दिवसांचा विलगवास पुरत नाहीं. चिरूट सुकूं नयेत म्हणून पेटींत सुमारें ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखावी लागते. दुर्दैव असें कीं, चिरुटाला मानवणारी ही हवा किड्यालाहि मानवते. ज्या लांकडाच्या या पेट्या करितात तें आपल्या तूण वृक्षाच्या व कडुनिंबाच्या कुळांतलें आहे. पण त्याच्या सुवासालाहि हा शत्रु भीक घालीत नाहीं.

आगंतुकाला वेशीबाहेर थांबविण्याची ही कल्पना फार जुनी आहे. एड्रियाटिक समुद्राकांठचें रागुसा, म्हणजे आजचें क्रोएशियांतील डुब्रॉव्हनिक, हें व्यापारी नगर. प्लेगच्या भयानें तेथील राज्यकर्त्यांनीं १३७७ सालीं कायदा केला कीं, रोगट मुलुखांतून येणाऱ्यानें आधीं एक महिना जवळच्या बेटावर किंवा नेमून दिलेल्या गांवीं काढावा. पुढें व्हेनिसनें १४२३ सालीं एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठीं रुग्णालय उभारलें. महिन्याचे चाळीस दिवस झाले, आणि चाळिसाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाईन’ हा शब्द रूढ झाला. १८९६ च्या प्लेगांत तो मुंबईकरांच्याहि कानीं पडला. चिरुटांचे संग्राहक आपल्या नियमाला हेंच नांव देतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्लेगचा जंतु येर्सिननें हाँगकाँगमध्यें शोधला तो १८९४ सालीं. रागुसाच्या लोकांना त्याची कांहींच कल्पना नव्हती. तरी त्यांनीं एवढें ओळखलें होतें कीं, जें दोष म्हणून आज दिसत नाहीं, तें थोडा काळ जाऊं दिल्यास आपोआप उघडें पडतें.

किड्याहून भयंकर संशय आला तो १९४१ सालीं. चर्चिल हे ऐन विशींत, १८९५ सालीं, क्यूबांत गेले होते आणि तेथील चिरुटांवर त्यांचा लोभ जन्मभर राहिला. दुसरें महायुद्ध पेटलेलें असतां क्यूबाच्या राष्ट्रीय तंबाखू मंडळानें त्यांना चिरुटांनीं भरलेलें एक सुंदर कपाट नजर केलें. त्यांत विष घातलें असेल तर? हेरखात्याचे लॉर्ड रॉथशील्ड यांनीं पेट्यांतले नमुने सेंट मेरीज रुग्णालयांतील विषतज्ज्ञ रोश लिंच यांच्याकडे तपासणीस धाडले. पण खुद्द चर्चिलना धीर कोठला! निकाल हातीं येण्यापूर्वींच त्यांनीं आपल्या मंत्र्यांना त्यांतले चिरूट वाटले, अशी आठवण नोंदलेली आहे. सुदैवानें विष निघालें नाहीं. पण म्हणून रॉथशील्ड यांची शंका वेडगळ ठरत नाहीं. १९४४ सालीं स्पेनहून आलेल्या कांद्यांच्या पेटींत खराच बाँब सांपडला, आणि तो याच गृहस्थानें स्वहस्तें उकलून निकामी केला. त्याबद्दल त्यांना जॉर्ज पदक मिळालें.

आज शीतकपाटामुळें काम सोपें झालें आहे. नवे चिरूट घट्ट पिशवींत बंद करून उणे १८ अंशांच्या आसपास कांहीं दिवस ठेवले कीं अंडीं, अळ्या, भुंगेरे सारेंच मरतात. मात्र ते एकदम उष्ण हवेंत आणूं नयेत. आधीं साध्या गारव्यांत व मग खोलींत, असें पायरीपायरीनें आणावें. नाहींतर वरचें पान तडकतें.

हा किडा केवळ धनिकांच्या चैनीचा वैरी असता तर मी आपला वेळ घेतला नसता. हळद, धने, मिरची आणि पुस्तकांच्या बांधणीची खळ, हें सारें त्याला आवडतें. सांगलीजवळ हरिपूरला जमिनींत पेवें करून, तोंडें लिंपून हळद सांठवीत, त्यांतील मर्म हेंच कीं, कोंडलेल्या हवेंत किडा जगत नाहीं.

पेन्शन घेतल्यावर मीं रस्त्यावरून जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा विकत आणला आणि त्याच संध्याकाळीं वडिलांच्या कपाटांत रचला. पावसाळ्यानंतर कपाट उघडलें तों वडिलांच्या हातची कीर्तनाची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाटोळ्या भोंकांनीं विंधलेली! कीटकशास्त्र जाणणाऱ्या एका स्नेह्यांनीं भिंग लावून पाहिलें, आणि हाच भुंगेरा म्हणून सांगितलें. त्या वहींतलीं कित्येक पदें आतां कोणालाच लागत नाहींत. मुलांना रागुसाचा धडा मीं अनेकदां शिकविला होता. स्वतःच्या कपाटाशीं तो मला आठवला नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, नवी वस्तु घरीं आणा, आनंदानें आणा. पण जुन्या, जपलेल्या वस्तूंशेजारीं ठेवण्यापूर्वीं तिला थोडे दिवस ओसरीवर बसवा. नव्याचा त्यांत अपमान होत नाहीं, आणि जुनें वांचतें.