'घरे बाइरे' आणि तारखेचा घोळ

प्रपोजल लिहायला बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच : "कादंबरी साधन म्हणून चालते का?" चालते. फक्त तिला आधी तारीख विचारायची. नाही विचारली तर भलेभले कसे घसरतात, याचं हे एक उदाहरण.

रवींद्रनाथ टागोरांच्या 'घरे बाइरे'वर गेऑर्ग लुकाच या मार्क्सवादी विचारवंतानं १९२२ साली परीक्षण लिहिलं. शीर्षकातच तिला 'गांधी-कादंबरी' म्हटलं. तिच्यातला संदीप भाषणांनी तरुणांना पेटवतो, विलायती मालावर बहिष्कार घालायला लावतो. लुकाचला वाटलं, हे गांधींचंच विडंबन. असं वाटणं समजू शकतं, कारण १९२१ च्या विलायती कपड्यांच्या होळ्या ताज्या होत्या.

पण तारखा पाहा. गांधी भारतात परतले जानेवारी १९१५ मध्ये. त्याच वर्षी ही कादंबरी 'सबुज पत्र' मासिकात क्रमशः सुरू झाली आणि १९१६ ला पुस्तकरूपात आली. चंपारणचा सत्याग्रहसुद्धा १९१७ चा! संदीपची चळवळ आहे वंगभंगानंतरची, म्हणजे १९०५ पासूनची स्वदेशी.

मग ही १९०५ चं चित्र देणारी कादंबरी म्हणायची का? इथं आपण घसरतो. फाळणी अमलात आली त्या १६ ऑक्टोबरला टागोर स्वतः राखीबंधनाच्या कार्यक्रमात पुढे होते. पुढे बहिष्काराची सक्ती गरिबांवर होऊ लागली, १९०७ ला पूर्व बंगालात हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या, आणि ते बाजूला झाले. १९११ ला फाळणी रद्द झाल्याची घोषणाही झाली. म्हणजे ही कादंबरी चळवळीतल्याच एका माणसानं दहा वर्षांनी मांडलेला हिशेब आहे.

त्या हिशेबात किंमत कोण मोजतं, ते बघा. विलायती कापड विकणाऱ्या गरीब पंचूला दंड होतो, त्याचा माल जाळला जातो. जमीनदार निखिलेश आपल्या हाटात सक्ती करायला नकार देतो, तर लोक त्यालाच देशद्रोही ठरवतात. त्याची बायको बिमला संदीपच्या आणि देशाच्या ओढीनं घरातल्या तिजोरीला हात घालते. प्रेम कुठं संपलं आणि राजकारण कुठं सुरू झालं, हे तिलाही कळत नाही.

आणखी एक. ही गोष्ट हे तिघं आळीपाळीनं, 'मी' म्हणून सांगतात. त्यामुळे निखिलेशचं वाक्य उचलून "टागोर म्हणतात" असं लिहू नका. गाईड पहिलं तिथंच पकडतील.

थोडक्यात, '१९०७ ला काय घडलं?' हा प्रश्न असेल तर पोलिस अहवाल आणि वर्तमानपत्रं काढा. 'चळवळीत उतरलेल्या माणसाला ती नंतर कशी दिसली?' असा असेल, तर 'घरे बाइरे' उघडा. आणि टिपणवहीत तिच्यापुढे तीन तारखा लिहा : घटनांची, लिखाणाची आणि वाचणाऱ्याची. लुकाचनं पहिल्या दोन सोडल्या आणि तिसरीवर सगळा अर्थ उभा केला.