ओढ्याच्या वाटेवरचं पुणं

चपला हातात घ्या. इथं पूल नाही, ओढा उतरूनच पलीकडं जायचं आहे.

१६३०चं दशक सरत आलंय. समोर मुठेच्या उजव्या काठावर, उंचवट्यावरचा कसबा. त्याच्या पूर्वेला नागझरी, आणि तुमच्या पायांत घुटमळतोय तो आंबील ओढा: कात्रजच्या डोंगरात उगम, पर्वतीच्या बाजूनं येऊन वस्तीच्या कडेकडेनं नदीला मिळणारा. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं हे गाव जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला असं सांगतात. तरी माणसं परततायत, त्याच जागी. जिजाबाई शिवबाला घेऊन आल्यात, लाल महालाचं काम चाललंय. दुसरी मोकळी जमीन का नाही धरत ही माणसं? काठावर उभं राहा म्हणजे कळेल. पाणी हाताशी, पूर आला तर चढ पाठीशी, आणि घाट उतरून कोकणात जाणाऱ्या वाटा जवळ. भूगोलात शहराच्या ‘स्थाना’वर धडेच्या धडे असतात, त्यांचा अर्क तुमच्या ओल्या पायांखाली आहे.

शंभरएक वर्षं पुढं या. शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिलाय, नानासाहेब पेशव्यांचा काळ आहे आणि गाव फुगलंय. सावकार, कारकून, शिपाई, तांबट, बुरूड, सगळ्यांना जागा हवी. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजन नेमायचे, पहिली काही वर्षं कर माफ करायचा, म्हणजे उदमी आपण होऊन येतात. पण पश्चिमेकडं वाढायचं तर ओढा आडवा येतो. मग पर्वतीपाशी त्याला बांध घालून वळवतात, दत्तवाडीकडून थेट मुठेत. जुनं पात्र कोरडं पडतं आणि त्या बाजूला सदाशिव, नारायण पेठा भरत जातात. मला पुण्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण वाटतो. लढाया झाल्या, गाद्या बदलल्या. पण गल्ल्यांचा आकार ठरवला तो या वळवलेल्या पाण्यानं.

त्याच सुमाराला कात्रजला तलाव बांधलाय. तिथून दगडी नळातून पाणी नुसत्या उतारानं शहरात येतं, हौदाहौदांत पडतं. नळ इतका ऐसपैस की माणूस आत चालू शकेल. वाटेत उच्छ्वास उभारलेत, आतली हवा मोकळी करायला. सदाशिव पेठेतल्या एखाद्या हौदावर घागर लावा. डोंगरातलं पाणी दाराशी आलंय, एका पंपाशिवाय.

पुढची दीड-दोनशे वर्षं भराभर ओलांडू. १८१७मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढतं. पेठांच्या पूर्वेला रुंद रस्त्यांचा, बंगल्यांचा कॅम्प वसतो. एकाच नावाची दोन शहरं शेजारी नांदू लागतात. १८५८मध्ये रेल्वे येते आणि नाना-भवानी पेठेकडच्या घाऊक व्यापाराला बळ मिळतं. नदीपलीकडं डेक्कनच्या बाजूला शिकलेल्यांचे बंगले उठतात.

आता थांबा. १२ जुलै १९६१, सकाळ. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधूनही झालेलं नाही. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं होतं. ते फुटतं, पाठोपाठ खालचं खडकवासलाही. तुम्ही नारायण पेठेतल्या वाड्याच्या माडीवर आहात आणि नदी जिना चढतेय. लकडी पूल दिसेनासा झालाय. मातीच्या भिंती विरघळतायत, कड्या-पाटांसह खाली बसतायत. चौकातलं तुळशीवृंदावन पाहता पाहता गेलं.

पूर ओसरल्यावर पुणं बदललं. वाडे सोडून माणसं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगरात गेली. पूरग्रस्तांच्या वसाहतींनी शहराला चहूबाजूंनी ओढून मोठं केलं. त्याआधीच, १९५४मध्ये, पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली होती, मुंबईच्या रस्त्यावर कारखाने उभे राहत होते. शहर त्या रस्त्यानं धावलं, पुढं हिंजवडीपर्यंत.

२५ सप्टेंबर २०१९ची रात्र. तुम्ही सहकारनगरच्या अरण्येश्वर भागात आहात. कात्रजकडं पाऊस कोसळतोय. डोंगरउतारावर पाणी मुरायला माती होती, तिथं आता सिमेंट आहे. ओढ्याच्या पात्राला दोन्हीकडून भिंतींनी आवळलंय. आंबील ओढा भिंती पाडत घरांत शिरतो, वाहनं एकमेकांवर चढवतो. शहर आणि परिसर मिळून वीसहून अधिक माणसं गेली. साठ वर्षांपूर्वी नदीच्या पुरानं उठवलेल्यांना जिथं आसरा मिळाला, त्याच बाजूला हा ओढा रात्रीत घरात आला. वळवलेलं पाणी वाट विसरत नाही, असं मी म्हणणार नाही. पाण्याला आठवण नसते, त्याला उतार असतो. तो कागदावर मांडायचं काम आपलं होतं.

२०२१मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. त्या गावांत आज टॉवर उभे राहतायत आणि तुमच्यापैकी कुणीतरी तिथं फ्लॅट बघत असेल. नमुना फ्लॅट पाहण्याआधी एक काम करा: त्या गावचा जुना गावनकाशा मागून घ्या, आणि ओढ्याची रेघ कुठून जाते ते बोट ठेवून पाहा.